उबुंटूवर जावा आणि इक्लिप्स हाताने बसवताना: नवा पत्ता कोणाकोणाला कळवायचा

प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे आणि त्यात आधीपासून जावा २१ आहे. प्रोजेक्टला मात्र ‘टेमुरिन’ या तयार बांधणीचं जावा १७ हवं, तेही सर्व्हरवर आहे नेमकं तेच अपडेट. म्हणून टार फाईल (सगळं एकत्र बांधलेलं पुडकं) उतरवून ती ‘डाउनलोड्स’मध्येच उघडली, कोड लिहायच्या इक्लिप्सचंही तसंच केलं. आता टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलं की १७ दिसतं, नवीन टर्मिनल उघडलं की पुन्हा २१. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने (अनेक आवृत्त्यांतली एक निवडायची सोय) १७ निवडलं तर प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ची एरर देऊन पडतो. इक्लिप्सच्या आयएनआय फाईलमध्ये १७चा पाथ दिला तर इक्लिप्सच उघडेना. मग कोणीतरी म्हणालं, सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या अधिकाराने, चालवून बघ. ते केलं, आणि आता सुडोशिवाय उघडलं की वर्कस्पेसमध्ये काही सेव्ह होत नाही. शिवाय दुसऱ्या एका मशीनवर एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) जाऊन चालवलं की मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

इतक्या तक्रारी वाचून घाबरायला होतं, पण दुखणं बहुतेक एकच आहे.

हाताने बसवणं म्हणजे एक फोल्डर योग्य जागी ठेवणं. विंडोजसारखी रजिस्ट्री नाही, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ नाही. जेडीकेचं, म्हणजे जावाच्या साधनसंचाचं, फोल्डर उघडलं की ते चालायला तयारच असतं. अवघड काम पुढचं: त्या फोल्डरचा पत्ता ज्याला त्याला कळवणं. घर बदलल्यावर गॅस एजन्सीला पत्ता दिला म्हणून बँकेला कळत नाही, आणि बँकेला कळला म्हणून रेशन दुकानाला कळत नाही. इथेही शेल (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) वेगळं, डेस्कटॉप वेगळा, इक्लिप्स वेगळं, सुडो वेगळं. तुम्ही प्रत्येक वेळी एकालाच पत्ता दिलात आणि बाकीच्यांना कळला असं गृहीत धरलंत.

पुढे मी आज्ञा आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

आधी एक उलट प्रश्न: हाताने बसवायची खरंच गरज आहे का? उबुंटू २४.०४च्या भांडारात जावा १७ सुद्धा आहे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनजेडीके-१७-जेडीके’ एवढं केलं की ते २१च्या शेजारी ‘/युएसआर/लिब/जेव्हीएम’मध्ये गुण्यागोविंदाने राहतं, सुरक्षा अपडेटही आपोआप येतात. नुसतं १७ पाहिजे असतं तर मी इथेच उत्तर संपवलं असतं. पण तुम्हाला सर्व्हरवरचं नेमकं तेच अपडेट हवं आहे, आणि ॲप्ट, म्हणजे भांडारातून बसवणारा प्रोग्रॅम, तुम्हाला त्याच्याकडे आज जे असेल तेच देणार. तेव्हा जेडीकेच्या बाबतीत तुमचा निर्णय बरोबर आहे. इक्लिप्सच्या बाबतीत तर हाताने बसवण्याची सवयच बरी. उबुंटूच्या भांडारात वर्षानुवर्षं इक्लिप्सची ३.८ ही २०१२ची आवृत्ती पडून होती. १८.०४ वापरणारी मुलं २०१८ साली ॲप्टने इक्लिप्स घ्यायची आणि हे असं जुनाट का दिसतं म्हणून विचारायची. स्नॅपचा (उबुंटूच्या दुसऱ्या प्रकारच्या पुडक्यांचा) पर्याय आहे, पण मी स्वतः तो घेत नाही.

आता जागा. ‘डाउनलोड्स’ हे उंबऱ्यावर चपला काढायचं ठिकाण आहे, तिथे संसार मांडू नये. एक दिवस तुम्हीच जागा रिकामी करायला ते फोल्डर साफ कराल आणि जेडीके त्यासोबत जाईल. ‘/युएसआर’च्या आत तर मुळीच नको. ते ॲप्टचं स्वयंपाकघर आहे, तिथली भांडी त्याने लावलेली, आपण मध्येच आपलं पातेलं ठेवलं तर पुढच्या अपडेटला कोण काय पुसून टाकेल सांगता येत नाही. फक्त ‘/युएसआर/लोकल’ आपल्यासाठी मोकळं ठेवलेलं असतं. सोर्सपासून बांधलेल्या गोष्टी तिथे शोभतात. तयार पुडक्यासाठी ‘/ऑप्ट’ आहे. आपली चूल तिथे वेगळी मांडायची.

मी जेडीके ‘/ऑप्ट/जावा’मध्ये ठेवतो, रूटच्या मालकीचं. त्यात रोज कोणी काही लिहायचं नसतं, त्यामुळे आपल्यालाही चुकून बिघडवता येत नाही. इक्लिप्स मात्र होम फोल्डरमध्ये, ‘ॲप्स’ नावाच्या फोल्डरात, स्वतःच्या मालकीचं. कारण इक्लिप्स स्वतःला अपडेट करतं, प्लगइन घेतं, स्वतःच्या फोल्डरात सतत लिहितं. ते रूटच्या मालकीचं असेल आणि लिहिता आलं नाही तर तक्रार न करता तुमच्या होममध्ये ‘.इक्लिप्स’ नावाचं लपलेलं फोल्डर करून तिथे संसार थाटतं. मग नवीन आवृत्ती ठेवली की जुनी प्लगइन कुठून येतात हे शोधत बसावं लागतं.

उतरवलेली फाईल उघडण्याआधी दोन मिनिटं द्या. डाउनलोडच्या पानावर चेकसम (फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) दिलेला असतो. ‘एसएचए२५६सम’ चालवून तो जुळतो का पाहा. इक्लिप्सला बहुधा ‘५१२’वाला असतो. हे फक्त सुरक्षेसाठी नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अर्धवट उतरलेली फाईल उघडताना ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाईल’ येतं, आणि माणसं टारला दोष देतात. ‘नॉट इन जीझिप फॉरमॅट’ आलं तर ‘फाईल’ ही आज्ञा त्या फाईलवर चालवा. दहातल्या निम्म्या वेळा ते एचटीएमएल पान निघतं: लिंकवर राइट क्लिक करून तुम्ही फाईलऐवजी डाउनलोडचं पानच सेव्ह केलेलं असतं. ‘युनेम -एम’ही एकदा बघून घ्या. एआरएमवाल्या मशीनवर इंटेलची फाईल ठेवली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’शिवाय काही मिळत नाही.

मग उघडणं:

सुडो टार --नो-सेम-ओनर -एक्सझेडएफ जेडीके-फाईल.टार.जीझेड -सी /ऑप्ट/जावा

शेवटचा सी मोठा. ‘नो-सेम-ओनर’ मुद्दाम लिहिलं आहे. रूट म्हणून टार उघडलं की बांधणाऱ्याच्या मशीनवरचा मालकाचा आकडा तसाच येतो, आणि ‘एलएस -एल’मध्ये मालकाच्या जागी कुठलातरी अनोळखी नंबर दिसतो. उद्या त्या नंबरचा युजर तुमच्या मशीनवर तयार झाला तर जेडीकेचा मालक तोच.

इथे एक किस्सा सांगतो, कारण ही चूक मी अजूनही दर वर्षी कुठेतरी बघतो. एका तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये मुलांना मदत करत होतो. नेट धड नव्हतं, म्हणून एकाने घरच्या विंडोजवर जेडीके उघडून पेन ड्राइव्हवर आणलं आणि तिथून सगळ्या मशीनवर कॉपी केलं. जावा चालवलं की ‘परमिशन डिनाइड’. मुलगा हुशार, त्याने ‘बिन’मधल्या सगळ्या फाईलींना ‘सीएच-मॉड’ने चालवायची परवानगी दिली. जावा चाललं, टाळ्या. आठवड्याने दुसरीच तक्रार: प्रोग्रॅममधून बाहेरची आज्ञा चालवली की जावा मान टाकतं. कारण ‘लिब’ फोल्डरमध्ये ‘जेस्पॉनहेल्पर’ नावाची एक छोटी फाईल असते. जावाला दुसरी प्रोसेस सुरू करायची असली की ती कामाला येते, आणि तिलाही चालवायची परवानगी लागते. ती ‘बिन’मध्ये नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पेन ड्राइव्हवरच्या फॅट प्रकारच्या मांडणीत लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, सिंबॉलिक लिंकही (दुसऱ्या फाईलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदी) टिकत नाहीत. पेन ड्राइव्हवरून न्यायचंच असेल तर टार फाईल बंद डब्यासारखी न्यावी आणि लिनक्सवरच उघडावी.

उघडल्यावर फोल्डरच्या नावात पूर्ण आवृत्ती असते. ते नाव बदलू नका. त्याच्या शेजारी एक लिंक करा:

सुडो एलएन -एसएफएन /ऑप्ट/जावा/पूर्ण-आवृत्तीचं-फोल्डर /ऑप्ट/जावा/जेडीके-१७

यापुढे सगळीकडे पत्ता द्यायचा तो ‘/ऑप्ट/जावा/जेडीके-१७’ हा. पुढचं अपडेट आलं की फक्त लिंक फिरवायची. त्यातला ‘एन’ विसरू नका. तो नसेल तर दुसऱ्यांदा लिंक फिरवताना एलएन जुन्या लिंकमधून आत शिरतं आणि जुन्या फोल्डरच्या पोटात नवी लिंक करून ठेवतं. वरून काहीच बदललेलं दिसत नाही, एररही नाही. मी यात एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

आता शेल. तुम्ही एक्सपोर्ट टर्मिनलवर केलंत. ते त्या एका खिडकीपुरतं असतं, खिडकी बंद झाली की विसरलं जातं. पक्कं करायला बहुतेक लोक ‘.बॅशआरसी’ सांगतील. ते अर्धंच बरोबर आहे. ‘.बॅशआरसी’ वाचलं जातं ते तुम्ही टर्मिनल उघडता तेव्हा. तुमची फाईल उघडून पाहा, उबुंटूने पहिल्याच काही ओळींत लिहिलेलं असतं की समोर बसून टाइप करणारा माणूस नसेल तर इथूनच परत फिर. म्हणजे एसएसएचवरून एकच आज्ञा पाठवली, किंवा मेनूतल्या आयकॉनवर क्लिक करून इक्लिप्स उघडलं, तर तुम्ही खाली लिहिलेलं काही पोचतच नाही. ‘टर्मिनलमधून उघडलं तर चालतं, आयकॉनवरून नाही’ या जगप्रसिद्ध तक्रारीचं मूळ इथे आहे.

म्हणून ‘.प्रोफाइल’मध्ये लिहा. ते लॉगिन करताना वाचलं जातं आणि त्यातल्या गोष्टी डेस्कटॉपलाही मिळतात, टर्मिनललाही. दोन ओळी पुरतात:

एक्सपोर्ट जावा_होम=/ऑप्ट/जावा/जेडीके-१७
एक्सपोर्ट पाथ="$जावा_होम/बिन:$पाथ"

‘पाथ’ म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी: आपलं आधी, जुनं नंतर. उलट लिहिलं तर २१च सापडत राहील. ‘=’च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नका. आणि मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. नुसतं नवीन टर्मिनल उघडून भागत नाही, इथे अर्धे लोक फसतात. तुमच्या होममध्ये ‘.बॅश_प्रोफाइल’ नावाची फाईल असेल तर बॅश ‘.प्रोफाइल’कडे ढुंकूनही बघत नाही, तेवढं तपासा.

दुसऱ्या ओळीतलं शेवटचं ‘$पाथ’ गाळलं तर काय होतं हे मला अनुभवाने माहीत आहे. लॉगिन केलं की स्क्रीन क्षणभर काळी होऊन पुन्हा लॉगिनवरच, कारण डेस्कटॉपला स्वतःच्याच आज्ञा सापडत नाहीत. असं झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा. तिथे ‘नॅनो’ही सापडणार नाही, ‘/युएसआर/बिन/नॅनो’ असं पूर्ण नाव लिहून फाईल दुरुस्त करा. मशीन फॉरमॅट करू नका. लोक करतात, म्हणून सांगतो.

‘/ईटीसी/एन्व्हायरनमेंट’चाही सल्ला मिळेल. ती शेलची फाईल नाही. तिच्यात ‘$जावा_होम’ लिहिलं तर ते उलगडून न घेता अक्षरशः तसंच ठेवलं जातं. सगळ्या युजरना एकच जावा द्यायचं असेल तर तिथे पूर्ण पत्ता लिहावा. तुमच्या कामाला गरज नाही.

आता त्या क्लास व्हर्जनच्या एररकडे या. ती नीट वाचलीत तर तिच्यात दोन आकडे दिसतील: फाईल ६५.० ची आहे, आणि हे जावा ६१.० पर्यंतच ओळखतं. आकड्यातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, आणि जुन्या प्रोजेक्टांत ५२ दिसलं तर ते ८. म्हणजे तुमचा कोड २१ने कंपाइल झाला आणि १७वर चालवायचा प्रयत्न झाला. हे कसं झालं? अल्टरनेटिव्ह्जमध्ये ‘जावा’ (चालवणारं) आणि ‘जावासी’ (कंपाइल करणारं) या दोन वेगळ्या नोंदी असतात. तुम्ही पहिली बदललीत, दुसरी २१वरच राहिली. स्वयंपाक एका घरात, पंगत दुसऱ्या घरात. ‘.प्रोफाइल’चा मार्ग घेतलात तर बिनमधलं सगळंच एकदम १७चं मिळतं, आणि अल्टरनेटिव्ह्जला हात लावायची गरजच राहत नाही. तुम्ही केलेली नोंद काढून टाका, ‘--रिमूव्ह’ने निघते, आणि सिस्टिमचं जावा २१ सिस्टिमला राहू द्या.

खात्री करायला ‘विच’ वापरू नका, ‘टाइप -ए जावा’ वापरा. पाथमध्ये जितके जावा आहेत तितके ते क्रमाने दाखवतं. पहिला तुमचा असला पाहिजे. मग ‘टाइप -ए जावासी’. दोन्ही एकाच घरचे निघाले की पुढे.

इक्लिप्सबद्दल एक गोष्ट समजली की अर्धा गोंधळ जातो: इक्लिप्सला दोन जावा लागतात. एक त्याला स्वतःला चालायला, दुसरं तुमच्या प्रोजेक्टला. अलीकडच्या इक्लिप्सला स्वतःला चालायला २१ लागतं, आणि त्याच्या पुडक्यात ते बहुधा सोबतच येतं. ‘इक्लिप्स.आयएनआय’मध्ये ‘-व्हीएम’ या ओळीखाली त्याचाच पत्ता आधीपासून लिहिलेला असतो. तुम्ही तो खोडून १७ लिहिलंत, मग त्याने ‘हे जावा या प्रॉडक्टला चालणार नाही, २१ किंवा पुढचं हवं’ असं सांगणारी खिडकी दाखवली असणार. तिने खरं तेच सांगितलं होतं. जुनी ओळ परत लिहा. आठवत नसेल तर टार फाईलमधून ती एकच फाईल पुन्हा काढा. कधी हाताने लिहायची वेळ आलीच तर ‘-व्हीएम’ एका ओळीवर आणि पाथ त्याच्या खालच्या ओळीवर लिहायचा. एका ओळीत दोन्ही लिहून चालत नाही. आणि हे सगळं ‘-व्हीएमआर्ग्ज’च्या वर. त्याच्या खाली लिहिलेलं सगळं इक्लिप्स डोळे मिटून जावाकडे ढकलतं.

१७चा पत्ता द्यायचा तो आत, प्रेफरन्सेसमध्ये: जावा, मग इन्स्टॉल्ड जेआरईज, ॲड, स्टँडर्ड व्हीएम. तिथे ‘/ऑप्ट/जावा/जेडीके-१७’ हे फोल्डर निवडा, त्यातलं ‘बिन’ नव्हे. त्याच्याच खाली एक्झिक्यूशन एन्व्हायरनमेंट्स आहे, तिथे जावाएसई-१७ समोर या नव्या जेडीकेवर टिक करा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात, आणि मग मेव्हनचा (प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाचा) प्रोजेक्ट उघडला की तो पुन्हा सोबतच्या २१वर जाऊन बसतो. आणखी एक: इक्लिप्स कंपाइल करायला जावासी वापरतच नाही, त्याचा स्वतःचा कंपायलर आहे. त्यामुळे ‘इक्लिप्समध्ये एरर नाही, टर्मिनलवर मेव्हनने केलं तर एरर’ असं दिसलं तर कोणी खोटं बोलत नाहीये, दोन वेगळे कंपायलर आपापलं सांगताहेत. कंप्लायन्स लेव्हल १७ आहे ना तेवढं बघा.

सुडोने केलेलं नुकसान निस्तरणं सोपं आहे. ‘फाइंड ~ -युजर रूट’ चालवा. होममध्ये जे जे रूटच्या नावावर गेलं त्याची यादी समोर येईल: वर्कस्पेसमधल्या फाईली, त्यातलं ‘.मेटाडेटा’ आणि बहुधा इक्लिप्सचं ‘कॉन्फिगरेशन’ फोल्डर. मग

सुडो सीएच-ओन -आर $युजर: ~/इक्लिप्स-वर्कस्पेस ~/ॲप्स/इक्लिप्स

इथला आर मोठा. ग्राफिकल प्रोग्रॅम सुडोने उघडायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. शिवाय सुडो तुमचा पाथ सोबत नेत नाही, त्याची स्वतःची ठरलेली यादी असते. म्हणजे त्या वेळी जे जावा वापरलं गेलं ते तुम्हाला वाटत होतं ते नव्हतंच.

मेनूतला आयकॉन करायला ‘~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये ‘इक्लिप्स.डेस्कटॉप’ नावाची छोटी फाईल लागते: पहिल्या ओळीवर चौकटी कंसात डेस्कटॉप एंट्री, मग टाइप, नेम, एक्झेक, आयकॉन. एक्झेकमध्ये ‘~’ किंवा ‘$होम’ चालत नाही, पूर्ण पत्ता लिहावा लागतो. ‘स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास=इक्लिप्स’ लिहिलं नाही तर डॉकमध्ये इक्लिप्सचे दोन आयकॉन दिसतात. बाकी नेटवर कुठलाही नमुना घ्या.

कंपनीचा लॅपटॉप म्हणालात, म्हणून न विचारलेली एक गोष्ट. मेव्हन लायब्ररी उतरवताना ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणालं तर नेट खराब नाही. कंपनीच्या प्रॉक्सीचं सर्टिफिकेट आयटीवाल्यांनी उबुंटूमध्ये घातलेलं असतं, आणि ॲप्टने आलेलं जावा उबुंटूची ती यादी वापरतं. तुमचं हाताने आणलेलं जेडीके स्वतःची यादी स्वतःच्या पोटात घेऊन आलेलं असतं, ‘लिब/सिक्युरिटी/केसर्ट्स’ या फाईलमध्ये. ब्राउझर चालतो, २१ चालतं, १७ रुसतं. ‘कीटूल -इम्पोर्टसर्ट -केसर्ट्स’ने ते सर्टिफिकेट तिथेही घाला. पासवर्ड विचारेल तो वर्षानुवर्षं ‘चेंजइट’ हाच आहे. नवीन अपडेटचं फोल्डर आलं की हे पुन्हा करावं लागतं, म्हणून मी ‘/ऑप्ट/जावा’मध्येच एक साधी टेक्स्ट फाईल ठेवतो आणि कोणत्या तारखेला काय हाताने केलं ते लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी तीच वाचून स्वतःलाच दुवा देतो.

राहिली मराठीची प्रश्नचिन्हं. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, थोडं सावकाश सांगतो.

आधी नेमकं काय दिसतं ते पाहा, कारण तीन वेगळे रोग आहेत. रिकाम्या चौकोनी डब्या दिसत असतील तर अक्षरं शाबूत आहेत, फक्त त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ बसवा, झालं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि मध्येच येनचं चिन्ह अशी खिचडी दिसत असेल तर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बाइटमध्ये साठवायची पद्धत) मजकूर कोणीतरी लॅटिन समजून वाचतंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचं असतं आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच, म्हणून तो ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. आणि प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं खरोखर गेलेली आहेत.

कुठे गेली हे शोधायला प्रश्नचिन्हं मोजा. ‘मराठी’ हा शब्द घ्या. संगणकाच्या लेखी त्यात ५ चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. बाइट मोजले तर १५. एसएसएचवरच्या त्या मशीनवर ५ प्रश्नचिन्हं दिसत असतील तर जावाने शब्द नीट वाचला आणि छापताना घालवला. १५ दिसत असतील तर फाईल वाचतानाच प्रत्येक बाइट सुटा पडला. तुमच्या बाबतीत बहुतेक दोन्हींचं मूळ एकच निघेल: त्या मशीनवर ‘लोकेल’ ही आज्ञा चालवा, ‘एलसी_सीटाइप’ समोर नुसता ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ दिसेल. जावा १७ आपलं डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) तिथून घेतं आणि ते साधं इंग्रजी ॲस्की आहे असं ठरवतं. जावा १८पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं, म्हणून २१वर फाईल वाचताना हे होत नाही. पण कन्सोलवर छापताना २१सुद्धा लोकेलचंच ऐकतं, तेव्हा फक्त जावा बदलून सुटका नाही.

उपाय दोन पातळ्यांवर करा. त्या मशीनवर ‘लँग=सी.यूटीएफ-८’ द्या. ते उबुंटू आणि डेबियनवर असतंच, वेगळं बसवावं लागत नाही. ‘एमआर_आयएन’ हे मराठीचं लोकेल हवंच असं काही नाही. आणि जावा १७ चालवताना ‘-डीफाईल.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ द्या. कोडमध्ये फाईल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहिणं हे याहून चांगलं, पण जुन्या प्रोजेक्टमध्ये ते शंभर ठिकाणी असतं हे मला कळतं. जी फाईल प्रश्नचिन्हांसकट पुन्हा सेव्ह झाली असेल ती मात्र परत येणार नाही. गिटमधून जुनी काढा.

एक जबाबदारी आता तुमच्यावर आहे. ॲप्ट या १७ला ओळखत नाही, म्हणून त्याची अपडेट तो आणणार नाही. ओपनजेडीकेची सुरक्षा अपडेट दर तीन महिन्यांनी येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. कॅलेंडरमध्ये घालून ठेवा, आणि सर्व्हरवाल्यांनाही विचारा की ते कधी पुढे सरकणार. त्यांचं अपडेट वर्षभर जुनं निघालं तर ते सांगणारे तुम्हीच पहिले असाल.

हे सगळं करून लॉगआउट-लॉगिन झाल्यावरही अडलं, तर ‘टाइप -ए जावा जावासी’, ‘एको $जावा_होम’, ‘रीडलिंक -एफ /ऑप्ट/जावा/जेडीके-१७’ आणि ‘लोकेल’ या चारांचं आउटपुट जसंच्या तसं पाठवा. इक्लिप्स उघडतच नसेल तर वर्कस्पेसमधल्या ‘.मेटाडेटा’त ‘.लॉग’ नावाची फाईल असते, तिच्या शेवटच्या तीसेक ओळीही द्या. स्क्रीनचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या.